येरवड्याची दोन दारे

"ह्याला आता ठाण्याला पोचवा," असे मुंबईकर म्हणाला की ठाण्यात नेमके कोठे, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडत नाही. परंतु "ह्याची येरवड्याची तयारी दिसते," असे पुणेकर म्हणाला की किंचित थबकावे लागते, कारण येरवड्याला दोन दारे आहेत. एक मध्यवर्ती कारागृहाचे आणि दुसरे प्रादेशिक मनोरुग्णालयाचे. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो मनुष्य उलट्या काळजाचा आहे की फिरल्या डोक्याचा, याचा निर्णय बोलणाऱ्याच्या मुद्रेवरूनच करावा लागतो. वस्तुतः ठाण्याची गोष्टही फारशी निराळी नाही. तेथे १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, जुन्या किल्ल्यात तुरुंग आहे, आणि 'ठाणे' या शब्दाचा अर्थच मुळी फौजदाराची बसण्याची जागा असा आहे. नागपूर व रत्नागिरी ही उरलेली दोन नावे घेतली म्हणजे शासनाच्या चार मनोरुग्णालयांची यादी पुरी होते, आणि त्या दोन्ही गावीही इंग्रजी अमदानीतला तुरुंग आहे. या चौपट योगायोगाला योगायोग म्हणण्याचे धाडस मला होत नाही. ज्या राज्यकर्त्यांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा पहिला कायदा केला, त्यांच्या दृष्टीने दोन्ही वास्तूंचे प्रयोजन एकच होते: रस्त्यावर जो मनुष्य नको, त्यास भिंतीआड ठेवणे.

पुढे या दोन भिंतींच्या वाट्याला निरनिराळे दैव आले. १८७१ साली बांधलेल्या येरवड्याच्या तुरुंगाला इतिहास लाभला; १९३२ चा पुणे करार तेथे झाला, आणि स्वातंत्र्यानंतर तेथली कोठडी भोगलेल्या माणसाला ताम्रपट मिळाला. इस्पितळाच्या भिंतीआड आयुष्य घालवलेल्या माणसाला ताम्रपट कोण देणार? त्याच्या घरच्यांनी रेशनकार्डावरूनसुद्धा त्याचे नाव कमी केलेले असते. आज त्या तुरुंगाची अधिकृत क्षमता सुमारे अडीच हजार आहे आणि आत सहा हजारांहून अधिक बंदी कोंबलेले आहेत. मनोरुग्णालयाच्या मंजूर खाटा २,५४० आहेत, म्हणजे जवळजवळ तितक्याच, आणि तेथील रुग्णसंख्या मात्र गेल्या काही वर्षांत मंजुरीच्या पुष्कळ खाली आलेली आहे. परग्रहावरचा एखादा शिरस्तेदार हे दोनच आकडे घेऊन बसला, तर महाराष्ट्रातील माणसे दिवसेंदिवस शहाणी आणि दुष्ट होत चालली आहेत, असा निष्कर्ष तो खुशाल लिहून ठेवील.

असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून एका इंग्रज वैद्याची आठवण ठेवणे बरे. लायनेल पेनरोझ याने १९३९ साली युरोपातील निरनिराळ्या देशांचे आकडे ताडून पाहिले आणि असे दाखवले, की ज्या देशात वेड्यांच्या इस्पितळातील खाटा कमी, त्या देशात तुरुंगातील माणसे जास्त, आणि जेथे खाटा जास्त तेथे तुरुंग मोकळे. संख्याशास्त्रज्ञांनी या 'नियमा'वर नंतर पुष्कळ वाद घातले. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे, आणि महाराष्ट्रातील तुरुंगांच्या गर्दीला मुख्यतः रेंगाळलेले खटले कारण आहेत, हेही कोणी नाकारणार नाही. तरी पेनरोझची शंका मनातून जात नाही. आणि ती न जाण्याचे कारण मला कोणत्याही ग्रंथात न सापडता मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, एस. टी. स्थानकालगतच्या पोलीस चौकीत सापडले.

मी तेथे गेलो तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती. बाकावर तिशीच्या आतबाहेरचा एक मनुष्य बसला होता. अंगात एकावर एक चार सदरे, डोक्याच्या केसांची जटा झालेली, कपाळावर वाळलेले रक्त आणि हातात घट्ट धरलेले प्लास्टिकच्या पिशव्यांचे बोचके. दुपारी त्याने उभ्या गाडीच्या काचेवर दगड घातला होता. मग लोकांनी त्याला घातले. तो जे बोलत होता ते तेलुगूसारखे वाटत होते, पण गावात त्या भाषेचा जाणकार म्हणून जो हॉटेलवाला बोलावला होता तो म्हणाला, की ही भाषा माझी नव्हे. हवालदारांनी स्वतःच्या खिशातून त्याला चहा आणि दोन पाव दिले होते. त्यांच्या वागण्यात क्रौर्याचा लवलेश नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो.

"चोर धरला तर शाबासकी हाय, साहेब," ते म्हणाले, "ह्याला धरला तर नुसता ताप. डेपोवाल्याला म्हणलं फिर्याद द्या, तर तो म्हणतो येड्यावर कसली फिर्याद. गुन्हा दाखल केला तर उद्या कोर्ट, कोर्टातून जेल. दवाखान्यात न्यावं तर इथल्या डॉक्टरनं जिल्ह्याला चिठ्ठी द्यायची, जिल्ह्यानं पुण्याला. तीनशे किलोमीटर. गाडी कुठली? डिझेल कुणाचं? माझ्याबरोबर दुसरा शिपाई लागतो, बाई असली तर लेडीज कॉन्स्टेबल लागती. तिथं पोचल्यावर म्हणणार, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आणा. दोन दिवस चौकीला कुलूप लावून जाऊ का?"

मग काय करता, असे मी विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर बाहेर उभ्या असलेल्या मालमोटारीकडे नुसती नजर टाकून म्हणाले, "लेखी काय नसतं त्याचं. रातच्या ट्रकला बसवून द्यायचं. पुढल्या हद्दीतला हवालदार बी आपलाच माणूस. तो आणि पुढं धाडतो."

भारतीय प्रशासनात एखादा मनुष्य तेलंगणातून निघून कोणत्याही दप्तरात नोंद न होता अहमदाबादपर्यंत कसा पोहोचतो, हे कोडे मला त्या दिवशी सुटले.

आता या हवालदारांनी काय करावयास हवे होते, हे कायद्यात इतके स्वच्छ लिहिलेले आहे की वाचून मन प्रसन्न होते. १९१२ च्या ल्यूनसी कायद्याने फौजदाराला भटक्या वेड्यास पकडण्याचा अधिकार दिला होता आणि पकडल्यावर दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्यास सांगितले होते. म्हणजे आजारी मनुष्याचा प्रवास आरोपीच्याच वाटेने होई. १९८७ च्या कायद्याने नाव बदलले, वाट फारशी बदलली नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र निराळ्या मुशीत घडलेला आहे, आणि त्याच्या घडणीत पुण्याच्या विधी महाविद्यालयात बसून काम करणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाथरे यांचा मोठा हात आहे, ही मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. या कायद्याच्या शंभराव्या कलमान्वये असा मनुष्य आढळल्यास पोलिसाने त्याला 'संरक्षणात' घ्यावयाचे, अटकेत नव्हे. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावयाचे. कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवावयाचे नाही. आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची खबर नोंदवून त्याचे घर शोधावयाचे. मी हे कलम हवालदारांना वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "जवळची म्हंजे कुठली?"

या तीन शब्दांत सारा प्रश्न आलेला आहे. कायद्याने कर्तव्य निर्माण केले. ज्या संस्थेच्या दारापर्यंत ते कर्तव्य नेऊन पोहोचवावयाचे, ती संस्था निर्माण करण्याचे काम अर्थखात्याकडे राहिले. मराठवाड्याला स्वतःचे प्रादेशिक मनोरुग्णालय अद्याप नाही. जालन्यास ते उभारण्याची मंजुरी झालेली आहे; पण मंजुरीवर रुग्ण निजू शकत नाही.

पैशाचा हिशेब जुना आहे. १९४६ च्या भोर समितीपुढे रांचीच्या इस्पितळाचे प्रमुख मूर टेलर यांनी जी पाहणी ठेवली, तिच्यात हिंदुस्थानात चाळीस हजार माणसांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट असल्याचे दिसून आले. त्याच वेळी इंग्लंडात तीनशे माणसांमागे एक होती. पुढे खाटा वाढवण्यापेक्षा उपचारच गावोगाव न्यावेत असा शहाणा विचार पुढे आला, १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला, कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग झाला, आणि १९९६ पासून तो जिल्हा कार्यक्रम म्हणून देशभर नेण्याचे ठरले. विचारात काही चूक नव्हती. पण केंद्रीय अर्थसंकल्पात या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या लेखाशीर्षापुढे २०१९-२० पासून सलग काही वर्षे ४० कोटी रुपये एवढाच आकडा लिहिला जात होता. एकशे तीस कोटी लोकसंख्येने त्याला भागले तर माणशी सुमारे एकतीस पैसे पडतात. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे, की जिल्हा कार्यक्रमाचा पैसा आरोग्य अभियानाच्या निराळ्या थैलीतून येतो, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेला याच्या कित्येक पट रक्कम मिळते, आणि ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर चालू झालेली आहे. ही सारी बेरीज केली तरी ती आरोग्याच्या एकूण तरतुदीत शेकड्याच्या काही अंशांपलीकडे फारशी जात नाही. दुसऱ्या बाजूस निम्हान्सच्याच तज्ज्ञांनी २०१७ चा कायदा अक्षरशः अमलात आणावयाचा तर काय खर्च येईल याचा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध केला, तो दरवर्षी ९४,०७३ कोटी रुपये निघाला. हा अंदाज जरा सढळ हाताने केलेला आहे, असे कोणी म्हणेल. मग निम्मा धरा, दहावा हिस्सा धरा. दरी इतकी मोठी आहे की त्या घासाघिशीने तिचा काठही ढासळत नाही.

देशात मनोविकारतज्ज्ञ लाखाला पाऊण. म्हणजे चार लाखांना तीन, आणि तेही बहुतेक शहरांत. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी शंभरांत दहा-अकराजणांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते.

इतके झाल्यावर खजिन्याने पैसा वाचवला असे समजणे ही आपल्या जमाखर्चाच्या पद्धतीतील खोड आहे. आरोग्याच्या लेखाशीर्षाखाली जो रुपया मंजूर झाला नाही, तो पोलिसांच्या, तुरुंगाच्या, न्यायालयाच्या आणि रेल्वेच्या लेखाशीर्षांखाली मुकाट्याने खर्च होत असतो. फरक एवढाच, की तेथे तो 'मनोरुग्ण' या नावाने लिहिला जात नाही. हवालदारांच्या खिशातले दोन पाव तर कोणत्याच लेखाशीर्षात बसत नाहीत.

सार्वजनिक सुरक्षितता हा शब्द उच्चारला की पुणेकराच्या मनात एक दिवस उभा राहतो. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी स्वारगेटच्या स्थानकातून एका एस. टी. चालकाने आपली नसलेली गाडी बाहेर काढली आणि शहरातल्या रस्त्यांतून, उलट्या-सुलट्या दिशांनी, समोर येईल त्यावर ती घातली. नऊ माणसे मेली, तीसहून अधिक जखमी झाली. रात्रपाळी बदलून मागितली होती ती मिळाली नाही, हे खटल्यात पुढे आले. सोलापूरच्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे त्याचे उपचार झाले होते, असेही बचावपक्षाने मांडले. त्या वेळी तो कायद्याच्या अर्थाने वेडा होता हे न्यायालयाने मानले नाही, आणि तेव्हाच्या दंडसंहितेच्या चौऱ्याऐंशीव्या कलमाची कसोटी पाहता ते मानणे कठीणच होते. कारण ते कलम एवढेच विचारत असे, की आपण काय करतो आहोत, आणि ते वाईट किंवा बेकायदेशीर आहे, हे त्या मनुष्यास कळत होते की नव्हते. फाशीची शिक्षा झाली, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेप केली.

मी न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध वकिली करावयास बसलेलो नाही. मला त्या खटल्याचे वैचित्र्य निराळ्या जागी दिसते. सात वर्षे, तीन पायऱ्यांच्या न्यायालयांत, देशातील उत्तमोत्तम बुद्धी एका प्रश्नावर खर्ची पडली: त्या सकाळी त्याचे चित्त ठिकाणावर होते की नव्हते? परंतु त्या सकाळच्या आधीच्या दोन वर्षांत त्याच्या चित्ताची विचारपूस करण्याचे काम कोणाचे होते, हा प्रश्न खटल्याचा विषय नव्हता आणि असूही शकत नव्हता. चालकाची दृष्टी तपासली जाते, रक्तदाब तपासला जातो. झोप लागते का, कानात कोणी बोलते का, असे पन्नास प्रवाशांचे प्राण हाती देण्यापूर्वी त्याला कोण विचारतो? कायदा गुन्ह्यानंतर वेड शोधतो. वैद्यकाने ते आधी शोधावयाचे, पण त्यासाठी वैद्य असावा लागतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द घालणे प्राप्त आहे, कारण अशा एका घटनेवरून प्रत्येक मनोरुग्णाकडे संशयाने पाहणे सोपे असते आणि वृत्तपत्रे ते सोपे काम उत्साहाने करतात. अमेरिकेत जेफ्री स्वॉन्सन यांनी मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीवरून दाखवले, की समाजातील एकूण हिंसेपैकी गंभीर मनोविकाराकडे लावता येईल असा वाटा शेकडा चारच्या आसपास असतो. म्हणजे जगातले सारे मनोविकार उद्या नाहीसे झाले तरी शंभरातील शहाण्णव डोकी फुटावयाची ती फुटतीलच, आणि ती शहाणी माणसे फोडतील. दारू, जमिनीचा वाद आणि सूडबुद्धी यांना कोणतेही निदान लागत नाही. पण उरलेल्या चारांविषयी काही करता येते की नाही? येते, आणि ते काय, हे ऑक्सफर्डचे सीना फाझेल यांनी स्वीडनमधील सरकारी नोंदींच्या आधारे २०१४ साली मांडले. एकाच रुग्णाचे औषध चालू असतानाचे दिवस आणि बंद असतानाचे दिवस शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा चित्तभ्रमावरील (अँटिसायकोटिक) औषधे चालू असताना हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात ही औषधे महिनाभर संपलेली असतात तेव्हा आरोग्यखात्याच्या वहीत 'साठा निरंक' एवढीच नोंद होते. ती वस्तुतः पोलिसखात्याच्या वहीतही व्हावयास हवी.

आणि सुरक्षितता म्हणजे कोणाची? हा प्रश्न विचारला की चित्र उलटे होते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी 'मनोरुग्णगृहा'च्या झोपडीस आग लागली. आतली माणसे साखळदंडांनी बांधलेली असल्याने २८ जण जागच्या जागी जळून मेले. त्यांना तेथे कोणी आणून सोडले होते? त्यांच्या घरच्यांनी, आणि बहुतेकांनी मायेपोटी. कारण सरकारी इस्पितळ दूर होते आणि दर्गा जवळ होता. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा देशभर पसरल्या. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले, तेव्हा महाराष्ट्र शरमेने थिजला. त्या साली देशात अशा जमावांना बळी पडलेल्यांत वाट चुकलेले मनोरुग्णही होते, ज्यांना आपले नाव सांगता आले नाही, एवढाच त्यांचा अपराध. आणि सर्वांत मोठा आकडा तर कोणत्याही जमावाने केलेला नाही. २०२२ साली भारतात २८,५२२ खून झाले आणि १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. म्हणजे दुसऱ्याच्या हातून मेलेल्या एकामागे स्वतःच्या हातून मेलेले सहा. या दुसऱ्या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे, २२,७४६. खुनाचा तपास लावण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक गुन्हे शाखा असते. विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत २०१५ पासून 'प्रेरणा प्रकल्प' चालू आहे; त्यात शेतकऱ्यांच्या मनाची चौकशी घरोघर जाऊन करण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे आहे, जिच्या पदरात लसीकरण, बाळंतपणे आणि डासांच्या अळ्या मोजणे आधीच घातलेले आहे.

दाराबाहेरची ही कथा. तुरुंगाच्या दाराआडची आणखी निराळी. आसामातील माचांग लालुंग या तरुणाला १९५१ साली जबर दुखापतीच्या आरोपावरून पकडले आणि मनोरुग्ण म्हणून तेजपूरच्या इस्पितळात धाडले. १९६७ साली इस्पितळाने तो बरा असल्याचा दाखला दिला. मग त्याला घरी जाऊ देण्याऐवजी गुवाहाटीच्या तुरुंगात ठेवले, आणि खटला न चालता, शिक्षा न होता, तो २००५ साली सुटला. चोपन्न वर्षे. बाहेर आला तेव्हा त्याला आपली मातृभाषा बोलता येईना, असे त्यावेळच्या वार्तांत आले होते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले नसते तर असे किती माचांग किती कोठड्यांत राहिले असते, कोण जाणे. त्यांच्याच याचिकेवर ऑगस्ट १९९३ मध्ये न्यायालयाने, ज्याने काही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे, असा निर्वाळा दिला. या गोष्टीला तीन दशके होऊन गेली. आज असे उघडउघड होत नाही. आज त्याच मनुष्यावर किरकोळ चोरीचे किंवा घरात घुसल्याचे कलम लागते, जामीन द्यावयास कोणी येत नाही, आणि तो 'गुन्हेगार मनोरुग्ण' या सदरात जाऊन बसतो.

मोठी इस्पितळे ओस पाडली म्हणजे प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्या सुधारकांचा एक पक्ष आहे, आणि त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. अध्यक्ष केनेडींनी ऑक्टोबर १९६३ मध्ये ती रिकामी करून गावोगाव उपचारकेंद्रे काढण्याचा कायदा सहीबंद केला, आणि त्या सहीमागे स्वतःच्या बहिणीच्या मेंदूवर झालेल्या एका भयंकर शस्त्रक्रियेचे दुःख होते. रुग्ण बाहेर आले. केंद्रे पुरेशी निघाली नाहीत. आज लॉस एंजलिस आणि शिकागो येथील तुरुंगांचा उल्लेख देशातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत केला जातो. येरवड्याच्या रिकाम्या खाटांकडे मी आनंदाने पाहू इच्छितो, कारण त्या खाटांवरचा भूतकाळ काही रम्य नव्हता. पण खाट रिकामी झाली तेव्हा तिचा पैसा तालुक्याकडे गेला का, हे विचारल्यावाचून तो आनंद पुरा होत नाही.

दोन दारांखेरीज एक तिसरेही दार आहे, परत बाहेर पडण्याचे. बऱ्या झालेल्या माणसाला, घरचे नेत नाहीत म्हणून, इस्पितळात ठेवता येणार नाही, असे २०१७ च्या कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते. त्याच्यासाठी सरकारने निवारागृहे काढावीत. आमच्या राज्याने काय केले? अशा काही जणांना वृद्धाश्रमांत आणि भिक्षेकरीगृहांत हलवले. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्रास हे ताबडतोब थांबवावे म्हणून आज्ञा करावी लागली. ठाण्याच्या इस्पितळात वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या एका बऱ्या स्त्रीचे प्रकरण घेऊन मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कोठे राज्यातील मनोआरोग्य मंडळांच्या कारभाराला जाग आली.

हे होऊ शकत नाही म्हणून होत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. कर्जतला डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवाणी यांच्या 'श्रद्धा' संस्थेत रस्त्यावरून उचललेला मनुष्य येतो, त्याला आंघोळ घालतात, केस कापतात, औषध देतात, आणि काही आठवड्यांत तो आपल्या गावाचे नाव सांगू लागतो. मग कार्यकर्ता त्याला रेल्वेत बसवून ओडिशा असो की बिहार, थेट उंबऱ्यापर्यंत नेतो. असे हजारो लोक घरी गेले, आणि या कामासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. भरत वाटवाणी यांना मिळाला. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमात गावातल्याच समंजस बायाबापड्यांना दुःखी माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याचे शिक्षण दिले गेले. कर्जतमधील औषधे जगावेगळी नाहीत. त्यांतली बरीचशी स्वस्त आहेत. महाग आहे ते रेल्वेत शेजारी बसून जाणारे माणूस, आणि नेमके तेच माणूस कोणत्याही सरकारी आकृतिबंधात मंजूर नसते.

एका मनोरुग्णालयातील समाजसेविकेच्या टेबलावर मी परत आलेल्या पोस्टकार्डांचा गठ्ठा पाहिला. 'पत्ता अपुरा', 'इसम गाव सोडून गेला', आणि एकावर नुसतेच 'नाकारले'. ती अजून लिहिते. एका बाईला तेरा वर्षांनंतर एवढेच आठवते, की ओढ्याच्या पलीकडे चिंच होती आणि तिथून देवळाचा कळस दिसे. "तुम्ही नगर जिल्ह्यात जाता का कधी?" समाजसेविकेने मला विचारले. "पाथर्डीच्या बाजूला? गेलात तर बघाल?"

परतताना मला त्या चौकीतल्या मनुष्याची आठवण झाली. दोन महिने लोटले होते. दूरध्वनी लावला तर ओळखीचे हवालदार बदलून गेले होते. नव्या अंमलदारांनी माझी तारीख विचारून घेतली, दैनंदिनीची पाने उलटण्याचा आवाज ऐकू आला, आणि मग त्यांनी ती नोंद मला सावकाश वाचून दाखवली: "सायंकाळी एस. टी. स्थानकात किरकोळ गडबड. बंदोबस्त केला. हद्दीत शांतता आहे."